आबाजींचे शून्य

७ मे, बुधवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या उपकरणाच्या पडद्यावर मला शून्य दिसले, आणि शून्य पाहून ज्याचा चेहरा उजळतो असा या पृथ्वीतलावर एकच मनुष्य आहे, याविषयी माझी खात्री पटली. उरलेली मानवजात या आकड्याला घाबरते. माझ्या आईच्या थोरल्या मामांना मात्र शून्याखेरीज कोणताही आकडा समाधान देत नाही. आम्ही सगळे त्यांना आबाजी म्हणतो. ते वीज खात्यात वायरमन म्हणून लागले, लाइन इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून वर्ध्याजवळच्या सेलूला राहतात. निवृत्त झाले असे आपले म्हणायचे. खात्याने त्यांना मोकळे केले. त्यांनी खात्याला, सेलूला आणि नातेवाइकांना अद्याप मोकळे केलेले नाही. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा: कूलरचा पत्रा, फ्रिजचे दार, लग्नाचा मांडव आणि मनुष्याचे शरीर यांपैकी कशातही जमिनीच्या तुलनेत एक व्होल्टसुद्धा शिल्लक राहता कामा नये; राहिला, तर त्या ठिकाणी अर्थिंग नाही; आणि जगात जे जे बिघडले आहे ते ते अर्थिंग नसल्यामुळे बिघडले आहे. अर्थिंग म्हणजे चुकार विजेला जमिनीत उतरण्यासाठी करून दिलेली वाट. अंगणात खोल खड्डा, त्यात लोखंडी पाइप, पाइपाभोवती कोळसा आणि खडे मीठ, आणि हे सारे ओले राहावे म्हणून वरून पाणी. एवढ्या साध्या योजनेवर मनुष्य आयुष्यभर बोलू शकतो, हे मी आबाजींमुळे शिकले.

इतर वृद्ध पुरुषांच्या सदऱ्याच्या खिशाला पेन असते, तेथे आबाजींच्या खिशाला टेस्टर असतो. पेनची गरज पडल्यास ते दुसऱ्याचे मागून घेतात. टेस्टर मात्र कोणालाही देत नाहीत. कोणत्याही धातूच्या वस्तूला ते प्रथम पालथ्या हाताने स्पर्श करतात. यामागे शास्त्र आहे, आणि ते त्यांनी मला मी शाळेत असतानाच समजावले होते. विजेच्या झटक्याने स्नायू आखडतात. तळहाताने धरले तर मूठ वळते आणि हात चिकटून राहतो. पालथ्या हाताने शिवले तर तो आपोआप मागे ओढला जातो. हे निर्विवाद खरे आहे. परंतु ही दक्षता आबाजी एटीएमच्या यंत्राशी, बसच्या दांड्याशी, दवाखान्यातील खाटेशी आणि एकदा तर गणपतीच्या मखराशीही घेतात, तेव्हा त्यांच्यासोबत असणाऱ्याने थोडे दूर उभे राहणे श्रेयस्कर ठरते. सकाळ-संध्याकाळ ते अंगणातील मातीवर अनवाणी चालतात. याला ते ‘डिसचार्ज’ म्हणतात. एकदा माझे वडील त्यांच्यासोबत चालायला गेले, तर आबाजींनी त्यांना चपला काढायला लावल्या. माती एवढी तापलेली होती, की बाबा दोन फेऱ्यांत ओसरीवर परतले. आबाजी म्हणाले, “पाहा, जावईबापूच्या अंगात किती साचलं होतं! कसे नाचून राह्यले!”

मनुष्यजातीचे वर्गीकरण अनेकांनी अनेक प्रकारे केले आहे. आबाजींचे वर्गीकरण सर्वांत सुटसुटीत आहे: दोन पिनची माणसे आणि तीन पिनची माणसे. प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची असते. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून जे लोक ती पिन सरळ काढून टाकतात, त्यांच्यावर आबाजी कोणत्याही व्यवहारात विश्वास ठेवत नाहीत. त्यांच्या नातीसाठी एक चांगले स्थळ आले होते. मुलगा नोकरीला, घर स्वतःचे, माणसे बोलायला गोड. सगळे पाहून आले, फराळ झाला, आणि परतीच्या जीपमध्ये आबाजींनी स्थळ नाकारले. “त्याहीच्या कूलरले दोन पिन आहे,” ते म्हणाले. “दोन पिनच्या घरात पोट्टी देनार नाई.” पुढे दुसऱ्या घरी लग्न ठरले. त्या मांडवात वरमाला हातात घेऊन सारे उभे असताना अचानक दिवे गेले, ध्वनिक्षेपक बंद पडला आणि भटजी अर्ध्या मंगलाष्टकावर थांबले. स्टेजच्या लोखंडी सांगाड्याला टेस्टर लावून पाहिल्यावर तो उजळला, म्हणून आबाजींनी मांडवामागे जाऊन जनरेटरच बंद केला होता. वराचे काका धावून आले. मुहूर्त टळत होता. तेव्हा आबाजी खड्ड्याच्या मापाविषयी मजुराला सूचना देत शांतपणे म्हणाले, “मुहूर्त टळला तं दुसरा भेटते. नवरदेव टळला तं कुठून आनाल, सांगा!” लग्न टॉर्चच्या उजेडात लागले. छायाचित्रांत नवरी कमी आणि टॉर्च अधिक दिसतात.

उन्हाळ्यात जमीन तडकते आणि कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही, म्हणून त्या दिवसांत अंगणातील खड्ड्यात रोज एक बादली पाणी ओतण्याचा आबाजींचा नियम आहे. नळाला पाणी एक दिवसाआड येते. या दोन नियमांचा संघर्ष त्यांची सून, म्हणजे माझी मामी, हिच्या वाट्याला आला आहे. “इथं मानसाले पानी नाई, न् तुमच्या खड्ड्याले बादली बादली!” असे ती दर संध्याकाळी म्हणते. आबाजी बादली उचलता उचलता म्हणतात, “मानूस मांगून घेते वं. खड्डा बिचारा मांगत नाई.” मिठाचेही तसेच. आठवडी बाजारातील दुकानदार त्यांना खडे मिठाची गोणी देताना दरवर्षी विचारतो, यंदा लोणचे किती घालणार. त्याच्या समजुतीप्रमाणे आबाजींचा लोणच्याचा मोठा धंदा असावा.

एवढ्या काळजीमागे काहीतरी कारण असले पाहिजे, असे माझ्या प्रशिक्षित बुद्धीला वाटत आले होते. परिणाम दिसला की आपण कारण शोधतो. एखादा सहकारी खांबावर गेला असेल, एखादे मूल कूलरला चिकटले असेल, असे गृहीत धरून मी एकदा आईला विचारले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “कुनाले काय होईन? मामाच्या हाताखाली जन्मात कोनाले साधा चटका नाई बसला. तेच तं दुखनं आहे त्याचं. काही झालंच नाई, तं लोकाहीले कसं समजन, का ह्यानं काही केलं?” मी विचारले, म्हणजे कारण काहीच नाही? “कारन तुमच्या कालेजात असते,” आई म्हणाली. “मामा तसाच आहे.”

आता माझ्याविषयी आवश्यक तेवढे. मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयात संशोधन करते. कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली खोलवर, खडकांच्या बारीक छिद्रांत साठवता येतो, आणि आपल्या पायांखाली मैलोगणती पसरलेला काळा खडक त्यासाठी उपयोगी पडेल काय, हा माझ्या विषयाचा मोठा प्रश्न आहे. माझ्या वाट्याचा प्रश्न लहान आहे. खडकाच्या छिद्रांत खारे पाणी असते. पाण्यात भिजलेल्या खडकाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युतप्रभार असतो. बहुधा तो ऋण असतो. आत शिरणाऱ्या वायूच्या बुडबुड्यालाही पाण्यात स्वतःचा प्रभार असतो. दोन्ही प्रभार सारखे असले, तर ते एकमेकांना दूर ठेवतात, मधला पाण्याचा पापुद्रा टिकतो आणि वायू छिद्रांत सुटा अडकून पडतो. विरुद्ध असले, तर पापुद्रा फाटतो आणि वायू खडकाला बिलगतो. त्यात भर म्हणजे वायू विरघळल्याने पाणी आंबट होते आणि खडकाचा प्रभारच बदलू लागतो. कोट्यवधी टन वायू खाली कसा राहील, हे काही मिलिव्होल्टांवर अवलंबून असू शकते. ते मिलिव्होल्ट मी मोजते. खडकाचा चुरा पोलादी नळीत ठासून भरायचा, त्यातून वायू मुरवलेले खारे पाणी दाबाने ढकलायचे, आणि नळीच्या दोन टोकांना बसवलेल्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये किती विद्युतदाब निर्माण होतो ते पाहायचे.

परदेशातील एका प्रयोगशाळेत एक वर्ष काम करण्याची संधी मला मिळत होती. अट एकच होती. मेअखेरीस आमची समिती बसणार होती. तिच्यापुढे परस्परांशी जुळणारी तीन वाचने ठेवायची. एखादे वाचन योगायोगाने बरोबर येऊ शकते, दोन संशयास्पद असतात, तिनांवर समिती विचार करते. संधी पुन्हा येण्यासारखी नव्हती, आणि तसे आमच्या मार्गदर्शक मॅडमनी मला एवढ्या वेळा सांगितले होते, की ते वाक्य माझ्या पाठीच्या कण्यात बसले होते. पहिले वाचन एप्रिलमध्ये उत्तम आले. दुसरे त्याच्याशी जुळले. तिसऱ्यासाठी वायूचा एकच सिलिंडर उरला होता, आणि नागपूरहून नवा सिलिंडर समितीच्या बैठकीपूर्वी येणार नव्हता.

माझे काम विजेशी संबंधित आहे, एवढे कळताच आबाजींनी ते खात्याच्या अखत्यारीत घेतले. दर संध्याकाळी त्यांचा फोन येई. नमस्कार, ख्यालीखुशाली काही नाही, थेट, “किती आलं?”

“उणे एकवीस मिलिव्होल्ट, आबाजी.”

“उणे काऊन? तारा उलट्या जोडल्या काय?”

“तारा बरोबर आहेत. खडकाचा प्रभारच ऋण असतो.”

“म्हंजे दगडात करंट आहे म्हनतं!”

“करंट नव्हे, पृष्ठभागावरचा प्रभार. अगदी थोडा.”

“थोडा असो का बहू. लिकेज तं लिकेज.” मग थोडा विचार करून, “अर्थिंग पाह्यलं काय दगडाचं?”

मी हसून फोन ठेवत असे. पलीकडे मात्र कोणी हसत नव्हते, ही गोष्ट माझ्या विश्लेषणातून निसटली.

एप्रिलच्या शेवटी आबाजी टेस्टर, हातोडी आणि मिठाची अर्धी गोणी घेऊन एसटीने वर्ध्याला आले आणि आमच्या घरी मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत प्रयोगशाळेत आले. ही प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीचे भांडारगृह आहे. तळमजल्यावर, फरशी सतत ओली, मध्यभागी पोलादी नळी, तिच्या शेजारी पंप, आणि उष्म्यामुळे खिडकीत लावलेला महाविद्यालयाचा जुना कूलर. आबाजी दारातच थांबले. त्यांनी फरशीकडे पाहिले, खाऱ्या पाण्याच्या डबक्याकडे पाहिले, माझ्या ओल्या हातांकडे पाहिले आणि मग कूलरच्या वायरीचा माग काढीत प्लगपर्यंत गेले. प्लगला दोन पिना होत्या.

त्यानंतरचे तीन दिवस आबाजी घरी फक्त जेवायला असत. चौथ्या दिवशी मॅडमनी प्रयोगशाळेच्या मागच्या खिडकीतून खाली पाहिले, तेव्हा तेथे पुरुषभर खोल खड्डा होता आणि त्याच्या काठावर आबाजी उभे राहून दोन मजुरांकडून त्यात कोळसा टाकून घेत होते.

“हा खड्डा कोणी खणला?” मॅडमनी विचारले.

“खड्डा नाई बाईसाहेब, अर्थिंग आहे,” आबाजी म्हणाले.

“पण परवानगी कोणी दिली?”

“जमिनीत जायले कोनाची परवानगी लागते? आज ना उद्या सगळेच जातेत.”

मॅडम कडक शिस्तीच्या आहेत आणि उत्तरे लेखी घेतात. आबाजीही उत्तरे देण्यात कमी नाहीत. समान प्रभाराचे दोन पृष्ठभाग एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, हा माझ्या विषयाचा मूलभूत सिद्धांत त्या खिडकीत मला प्रत्यक्ष दिसला. मधला पाण्याचा पापुद्रा मी होते. मॅडमना मी सांगितले की आजोबा वीज खात्यातील अनुभवी अधिकारी आहेत. आबाजींना सांगितले की मॅडमना तुमचे काम फार आवडले आहे. पापुद्रा टिकला. त्या दिवशी आबाजींनी नव्या खड्ड्यातून आणलेली जाड पट्टी कूलरला, टेबलाला आणि सिलिंडर उभा ठेवायच्या लोखंडी घोड्याला जोडली, प्लग बदलला आणि पालथ्या हाताने सगळे तपासून मला म्हणाले, “आता तू पान्यात बसून काम केलं तरी चालते.” काम चोख होते, हे मला मान्य करावे लागले.

६ मे रोजी दुपारी मी शेवटचा सिलिंडर जोडला आणि तिसरे वाचन सुरू केले. पंप आपोआप चालतो, आकडे आपोआप साठवले जातात. पाणी, वायू आणि खडक यांचा मेळ बसायला मात्र रात्र जावी लागते. मला मॅडमच्या घरी आलेख दाखवायला जायचे होते. आबाजी म्हणाले, “तू जाय. मी बसतो इथं घडीभर, कूलरच्या हवेत.” मी गेले. ते घडीभर बसले, आणि बसल्या बसल्या त्यांचे लक्ष त्या पोलादी नळीवर गेले. तिला अर्थिंग नव्हते. तिच्या दोन्ही टोकांतून दोन उघड्या तारा बाहेर आल्या होत्या. आणि त्या नळीला आपली नात दिवसभर ओल्या हातांनी धरते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी पोचले, तेव्हा नळी, तिची दोन्ही टोके आणि दोन्ही तारा एका तांब्याच्या तारेने घट्ट एकत्र बांधून खड्ड्याच्या पट्टीला जोडलेल्या होत्या. गाठ इतकी सुबक होती की ती पाहूनच कोणाची ते कळावे. पडद्यावर शून्य होते. सिलिंडरचा काटाही शून्यावर होता. आबाजी खुर्चीवर माझी वाट पाहत बसले होते; त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि पडद्याकडे बोट दाखवले.

“शून्य!” ते म्हणाले. “एक पैशाचं लिकेज नाई. आता झटका लागनार नाई तुले.”

“आबाजी,” मी म्हणाले, “तो झटकाच मोजायचा होता.”

त्यांना ते कळले नाही, आणि समजावून सांगण्याइतकी मी शांत नव्हते. मी म्हणाले की तुमच्या गाठीने माझे वर्ष बांधून टाकले. वायू संपला, तिसरे वाचन गेले, परदेश गेला. ते म्हणाले, “पन शून्य आलं ना वं? आमच्या खात्यात शून्य म्हंजे पास.” मी म्हणाले, “माझ्या विषयात नेमके शून्य म्हणजे मेलेले वाचन, आबाजी. खडक जिवंत असेल तर काही ना काही दाखवतोच.” गाठ त्यांनीच सोडली. मग टेबलाच्या कडेला सवयीने पालथा हात लावला, पिशवी उचलली आणि आमच्या घरी न थांबता एसटीने सेलूला गेले. त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्याही संध्याकाळी आला नाही. आठवडा गेला. आई म्हणाली, “तूच लाव.” मी म्हणाले, लावते. बैठकीची तयारी मोठी होती.

समितीपुढे मी दोन वाचने ठेवली आणि तिसऱ्याच्या अनुपस्थितीचे कारण ‘जोडणीतील हस्तक्षेप’ असे दिले. पुण्याहून आलेले एक सदस्य आलेख चाळत होते. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, “हे उणे एकवीस खडकाचेच कशावरून? तुमच्या उपकरणातच ते दडलेले नाही कशावरून? खडकाचा परिणाम काढून घेतला, तर तुमचे उपकरण शून्य दाखवते, याचा काही पुरावा?” मॅडमनी माझ्याकडे पाहिले. तशी वेगळी चाचणी मी एकदा, पाच मिनिटांची घेतली होती. ती दाखवण्याजोगी नव्हती. त्याच क्षणी मला आठवले, की दोन्ही तारा एकत्र बांधलेल्या अवस्थेत, त्याच पंपाने, त्याच दाबाने, त्याच पाण्याने घेतलेली सुमारे अठरा तासांची अखंड नोंद माझ्यापाशी आहे. मी ती फाइल उघडली. रेघ शून्यावरून चालली होती. मोठी करून पाहिली, तर अगदी बारीक थरथर दिसत होती. म्हणजे उपकरण बंद नव्हते, जागे राहून रात्रभर शून्य सांगत होते. सदस्यांनी ती रेघ पाहिली, शेजारच्यांना दाखवली आणि विचारले, “एवढी दीर्घ शून्य-चाचणी कोणी सुचवली?”

“आईच्या मामांनी,” मी म्हणाले.

त्यांना तो विनोद वाटला असावा. माझे वर्ष मंजूर झाले. तिसरे वाचन नव्या सिलिंडरवर घेऊन पाठवावे, एवढी अट राहिली. ते मी जूनमध्ये घेतले. जुळले.

मंजुरीची बातमी घेऊन मी सेलूला गेले, तेव्हा अंगणात बादली घेऊन मामी उभी होती आणि खड्ड्यात पाणी ओतत होती. आबाजी आदल्याच आठवड्यात भरलेली बादली घेऊन खड्ड्याच्या काठावर घसरले होते. खुब्याचे हाड मोडले होते. “आत खाटेवर पडून ओरडतेत,” मामी म्हणाली. “पानी टाकलं का, पानी टाकलं का. नाई टाकलं तं औषध घेत नाई. मंग टाकतो बापा.” आबाजी उंच लोखंडी खाटेवर होते. पायांखाली उशी होती. ऐन उन्हाळ्यात त्यांचे तळपाय मातीशिवाय मी प्रथमच पाहत होते. ते धुतलेले, पांढुरके आणि दुसऱ्या कोणाचे तरी वाटत होते. मी त्यांना समितीची हकीकत सविस्तर सांगितली. त्यांनी सगळे ऐकले आणि विचारले, “म्हंजे माही चुकी कामाले आली?”

“हो, आबाजी.”

“पन चुकीच होती.”

“हो.”

“बरं झालं सांगतलं,” ते म्हणाले. “ह्या घरात कोनी खरं नाई सांगत. डाक्टर म्हनते, महिन्याभरात चालान.” मग आवाज खाली आणून, “तिकडं, फारेनात, तिसरी पिन असते ना वं?” मी म्हणाले, असते. त्यांनी डोळे मिटले.

दर काही वर्षांनी आबाजी आपला खड्डा उकरून त्यातला कोळसा आणि मीठ बदलतात. यंदा ते वर्ष होते. ऑगस्टमध्ये त्यांनी खाटेवरून, खिडकीतून, मजुराला शिव्या देत ते काम करवून घेतले. पाइपाच्या बुडाशी त्यांनी निवृत्तीच्या वर्षीच एक काळा दगड बसवला होता. तो बाहेर निघाला. मी निरोप घ्यायला गेले, तेव्हा तो वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या उशाशी ठेवलेला होता.

“जमिनीत होता, मिठात होता, इतके वर्सं,” ते म्हणाले. “याचं काढजो. मले सांगजो किती येते ते.”

शास्त्रीयदृष्ट्या या मापनाला काही अर्थ नव्हता. दगड कोणत्या थरातला हे माहीत नव्हते, आणि इतकी वर्षे मिठात राहिलेल्या पृष्ठभागाकडून मोठ्या आकड्याची अपेक्षाही नव्हती. मीठ प्रभाराला झाकून टाकते. माझ्या सामानाची बांधाबांध राहिली होती. तरीही मी तो दगड कुटला, चाळला, नळीत भरला. पोलादी नळी हातात घेण्यापूर्वी तिला पालथा हात लावला, हे माझ्या नंतर लक्षात आले. वाचन स्थिर झाल्यावर मी सेलूला फोन केला. मामीने तो आबाजींच्या कानाला धरला. त्यांचा श्वास आधी ऐकू आला, मग आवाज. पूर्वीपेक्षा बारीक, पण प्रश्न तोच.

“किती आलं?”

“शून्य नाही आलं, आबाजी.”

पलीकडे खाटेच्या लोखंडावर काहीतरी हलकेच आपटल्याचा आवाज आला. पालथा हात असावा.

“नाई ना आलं?” ते म्हणाले. “मंग जित्ता आहे तं. लिहून घेजो.”

मी लिहून घेतले. नमुना: सेलू, अर्थिंगच्या खड्ड्याचा तळ. वाचन: उणे १.८ मिलिव्होल्ट.